बुचाच्या जाकिटांचा बंगला

माणसं कमी असली की किस्से जास्त साठतात! नवेगाव बांध तलावाच्या पलीकडच्या काठावर, इंग्रजी अमदानीत, मी डाकबंगल्याचा बाबू होतो. आम्ही तिघंच: मी, खानसामा रहीमचाचा आणि नाव वल्हवणारा सोमा ढिवर. पाहुणे फक्त हिवाळ्यात यायचे, नावेतून तलाव फिरायला. बाकीचं वर्ष आम्ही तेच किस्से एकमेकांना पुन्हा सांगत बसायचो.

नाव उलटली तर माणूस तरंगावा म्हणून बंगल्यात बुचाची जाकिटं होती. कडक, काखेत काचणारी! ज्याला जे बसेल ते निवडून देणं माझं काम.

*

गोंदियाचे एक शेठजी आले. पोट असं की एकही जाकीट बसेना. शेवटी सोमानं दोन जाकिटं सुतळीनं जोडली आणि शेठजींना आवळून बांधलं.

तलाव फिरून आल्यावर मी विचारलं, "आराम वाटला का?"

"बहुत आराम है, बाबू. बस, साँस कब लेना है, वो बता दो!"

*

एका तरुण साहेबाला जाकिटाची परीक्षा घ्यायची हुक्की आली. धक्क्यावरून धाडकन उडी! तिथं पाणी गुडघाभर. साहेबाचे दोन्ही गुडघे फुटले.

सोमा शांतपणे म्हणाला, "साहेब, जाकिटाले काम कराले पानी त पायजे ना!"

*

रहीमचाचा बाजाराला जंगलातल्या वाटेनं जायचे, अंगात जाकीट घालून. सगळा बाजार हसायचा.

"चाचा, रस्त्यात पाणी कुठं आहे?"

"पानी नहीं, शेर है. काटेगा तो बूच में दाँत फँसेगा!"

*

आता माझा. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि बायको केशोरी गावात, माहेरीच. बंगल्यावर यायला दोनच वाटा: जंगलातून वाघ, नाहीतर नाव. तिचा निरोप आला, "वाघाचं भेव लागते, पान्याचंही लागते."

मी तिच्या भावाबरोबर एक जाकीट पाठवलं. ते परत आलं, काचतं म्हणून. दुसरं पाठवलं. त्याला मासोळीचा वास येतो म्हणे!

खोटं कशाला बोलू, मला घर खायला उठायचं. दोन ताटं आणून ठेवली होती, दुसऱ्यावर धूळ बसायची. मी रोज दोन्ही धुवायचो.

सोमाच म्हणाला, "बाबूजी, कायले रडून राहिले? आपनच बनवू." त्यानं सावरीचा कापूस गोळा केला. मी माझं सगळ्यात मऊ धोतर फाडलं. रहीमचाचांनी बारीक टाके घालून जाकीट शिवलं. मी ते घालून तलावात उतरलो, तर बुचासारखा वर! अंगाला तर कळतही नव्हतं.

जाकीट केशोरीला गेलं. मी खोली सारवली, सोमानं नाव धुतली.

पुढच्या बाजाराला मेहुणा आला. हातात जाकीट नाही! माझा जीव भांड्यात पडला.

"बसलं ना अंगाला?"

"लय मऊ हाय, भाऊजी. ताई रोज उशाले घेऊन झोपते."

"मग येते कधी?"



"नावेत कशी येईल, भाऊजी? पानी उडते ना! कापूस खराब होते."