जर्मनीला न गेलेली शिवांजली

शिवांजली फडतरे माझ्या माडीवर राहायला आली ती वडिलांची पत्र्याची ट्रंक घेऊन. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात त्यांचं नाव, हुद्दा आणि पलटण लिहिलेली होती. तिचे वडील, सुभेदार लालासाहेब, सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे तारा टाकून संदेश पोचवणाऱ्या पलटणीत होते. निवृत्त होऊन वडूजच्या अलीकडच्या त्यांच्या गावी एकटेच राहत. शिवांजलीची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती.

मी सांगलीत एकटी. आमचे हे गेल्यापासून माडीवरची खोली भाड्याने देते. मुलगी नीटनेटकी होती, रोज सकाळी जिना झाडायची. माधवनगरला एका जुन्या गिरणीच्या आवारात आता छोटी छोटी ऑफिसं झाली आहेत, त्यातल्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती. त्या कंपनीचं काम मला कळावं म्हणून तिने एकदा चहा पिता पिता समजावून सांगितलं. कुणाचं ऑनलाइन दुकान असतं, कुणाच्या दवाखान्याच्या नोंदी असतात. हे सगळं कुठल्यातरी सतत चालू असणाऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर ठेवावं लागतं, त्याला सर्व्हर म्हणतात. तिची कंपनी त्या सर्व्हरवर जागा भाड्याने देत होती.

"म्हणजे तूही घरमालकीणच की," मी म्हणाले.

"हो काकू. फक्त आमचे भाडेकरू बाथरूममध्ये नळ उघडा ठेवून जात नाहीत."

आदल्याच दिवशी तिच्या हातून टाकी रिकामी झाली होती, त्यामुळे मला हसावं लागलं.

कंपनीचे सर्व्हर तोपर्यंत मुंबईत होते. युरोपातली गिऱ्हाइकं मिळू लागली, पण इतक्या लांबून त्यांना सगळं हळू चालल्यासारखं वाटायचं. म्हणून मालकांनी जर्मनीत, फ्रँकफर्ट शहरात नवीन सर्व्हर बसवायचे ठरवले आणि ती जबाबदारी शिवांजलीला दिली. आमच्याकडच्या मुलीला ही मोठीच गोष्ट. तिकडे पाठवायच्या पत्रांचं इंग्रजी ती माझ्याकडून तपासून घेई. पाचगणीच्या नन्सनी माझ्याकडून घोटून घेतलेल्या इंग्रजीचा इतक्या वर्षांनी कुणाला तरी उपयोग झाला, याचा मला अभिमानच वाटला.

तिने वडिलांना फोन केला तेव्हा मी समोरच भाजी निवडत होते.

"अण्णा, आमी जर्मनीत नवीन लोकेशन उघडतोय. सगळं माज्याकडं दिलंय."

"एकटीकडं?"

"व्हय, एकटीकडं."

बोलणं एवढंच झालं. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. पण सुभेदारांच्या उभ्या नोकरीत नवीन ठाणं उघडायचं म्हणजे कुणीतरी तिथे चालत जायचं, पाठीवर तारेचं रीळ घेऊन. मुलीने जर्मनीत ठाणं उघडायचं म्हणजे मुलगी जर्मनीला जाणार, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच आली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी पारावर सांगितलं. तात्याबा म्हणून त्यांचे बाळमित्र, गावचे माजी सरपंच. त्यांनी दुसऱ्या दिवशी वडूजला जाऊन अभिनंदनाचा फ्लेक्स छापून आणला.

गौरी-गणपतीला शिवांजली गावी गेली, तर एसटीच्या फाट्यावर तिचा स्वतःचाच चेहरा तिच्याकडे बघत होता. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो, त्यावर कॉम्प्युटरने चढवलेला भगवा फेटा, मागे विमान. घरी जाऊन अण्णांना सगळं सांगायचं तिने ठरवलं. पण घरी पाहुणे बसलेले होते, आणि तासाभरात देवळापुढे सत्कार होता. शाळेने शाल दिली, सोसायटीने दिली, माजी सैनिक संघटनेने दिली, बायकांच्या बचत गटाने दिली. हेडमास्तरांनी भाषण केलं. तिला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा समोर सुभेदार सैन्यातली पदकं लावून बसले होते. ती म्हणाली, "मी सगळ्यांची आभारी आहे," आणि खाली बसली.

"कवा निघायचं?" रात्री जेवताना वडिलांनी विचारलं.

ज्या सोमवारी फ्रँकफर्टचं काम सुरू व्हायचं होतं, तो सोमवार तिने सांगितला.

हे सगळं तिने परत आल्यावर जिन्यात बसून मला सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता फोन कर. ती म्हणाली, "काकू, पदकं लावली होती त्यांनी. एरवी झेंडावंदनालापण साधा शर्ट घालून जातात." मग मीही गप्प बसले. मी वयाने एवढी मोठी, मी तेव्हा फोन तिच्या हातात द्यायला हवा होता.

त्या सोमवारी सुभेदारांचा मला फोन आला. "बाई, पोरगी नीट गेली का?"

"हो, विमान वेळेवर सुटलं," मी म्हणाले. ती तेव्हा माडीवर बसून फ्रँकफर्टच्या माणसाशी बोलत होती. त्याचं नाव माटियास. ज्या इमारतीत सर्व्हर ठेवले होते तिथला तो कामगार. शिवांजली इथून सांगायची, "वरून तिसऱ्या कप्प्यातली निळी तार काढा," आणि तो तिथे ती तार काढायचा. माझ्या रोजनिशीत मी खोटं लिहीत नाही. त्या दिवशी मी फक्त हवामान लिहिलं.

पुढचे दिवस आठवले की अजून मान खाली जाते. वडील व्हिडिओ कॉल करायचे म्हणून ती ऑक्टोबरच्या उकाड्यात स्वेटर घालून, मफलर गुंडाळून पांढऱ्या भिंतीपाशी बसायची. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून मी गॅस बंद करायची. दारावर भाजीवाला ओरडला की मी धावत जाऊन त्याला गप्प करायची. पलीकडून सुभेदार विचारायचे, "लय गार हाय का गं तिकडं?" आणि घामाने भिजलेली पोरगी म्हणायची, "व्हय अण्णा, लय." फोन ठेवला की ती स्वेटर काढून फेकायची.

काम मात्र तिने उत्तम केलं. एकदा माटियासने भलतीच तार ओढली आणि सगळं बंद पडलं, तेव्हा तिने शांतपणे एकेक तार विचारत दुपारभरात सगळं पूर्ववत केलं. मालकांनी पेढे वाटले. त्यातला एक तिने मला दिला. स्वतः खाल्ला नाही.

दिवाळी आली. ती जर्मनीत असल्यामुळे गावी जाणं शक्य नव्हतं. पाडव्याला मी तिला उटणं दिलं, तर म्हणाली, नको.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात सुभेदार उभे. बरोबर घेवड्याचं गाठोडं आणि शाळू ज्वारीचं पीठ. माझी मुलगी तुम्ही सांभाळली, म्हणून तुमच्यासाठी आणलं, असं म्हणत ते आत आले. मी त्यांना बसा म्हणाले. वर आवाज द्यावा की न द्यावा हे सुचायच्या आत शिवांजली दह्याची वाटी घेऊन, ओले केस पाठीवर सोडून जिना उतरत आली.

पायरीवर ती थबकली. सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं, आलीस व्हय?" ते म्हणाले. "कळवायचं न्हाई?"

होकार दिला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. माझ्या मनात तेच आलं, हे कबूल करते. वाटी जिन्यावर ठेवून ती म्हणाली, "गेलेच न्हाई, अण्णा."

त्यांनी रागावून काही विचारलं नाही. ती सांगत गेली, ते ऐकत गेले. तिने लॅपटॉप आणून फ्रँकफर्टचे सर्व्हर दाखवले. प्रत्येकापुढे हिरवा ठिपका होता.

"आन् तार कोन जोडतं?"

"तिथला मानूस. मी सांगते तशी."

"चुकला तर?"

"चुकला एकदा. मी हितनं शोधून काढलं."

सुभेदारांनी चष्मा पुसला. "काम तर चोख केलंस. लाईन चालू हाय." मग म्हणाले, "पन गावाला मी जे सांगितलं ते खोटं ठरलं. शाली कुठं हायत?"

"ट्रंकेत."

"काढ. परत द्यायच्या. आपल्याला ज्यासाटी दिल्या ते आपन केलं न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, विमान वेळंवर सुटलं म्हनलात नव्हं? तुमीबी चला."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. म्हणूनच मला जास्त लागलं. मी साडी बदलून निघाले.

विटा-मायणीमार्गे एसटीने गेलो. शिवांजली खिडकीपाशी शाली मांडीवर घेऊन बसली होती, एका प्रवाशाने तिला या विकायच्या का म्हणून विचारलं. फाट्यावर उतरलो तर फ्लेक्स अजून तिथेच होता. ती त्याच्याकडे न बघता पुढे चालू लागली.

पारावर तात्याबा भेटले. सोसायटीचा कारभारही तेच बघत. आम्हाला पाहून उठून उभे राहिले. शिवांजलीला तिथे पाहून त्यांना जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"तात्या, ही शाल सोसायटीची," सुभेदार म्हणाले. "परत घ्या. पोरगी जर्मनीला गेली न्हाई."

"आवं सुभेदार, दिलेली शाल कोन परत घेतं व्हय? गेल्या साली माजा सत्कार झाला तवा हीच शाल मला दिलेली. फिरत्याच आसत्यात त्या."

"तात्या, मी मस्करी करत न्हाई. ती गेली न्हाई."

तात्याबा जमिनीकडे बघत राहिले. "ठावं हाय गड्या."

"काय ठावं हाय?"

"आपला ज्ञानू आलं-हळदीचा टेम्पो घिऊन सांगलीला जातो न्हवं? दिवाळीआधीच त्यानं हिला मंडईत बघितली. कोथिंबीर घेत हुती. या बाईबी संगं हुत्या."

"मंग समद्या गावाला…"

"व्हय."

"मला का सांगितलं न्हाई?"

"कसं सांगायचं? तुमी रोज पारावर येऊन तिथली थंडी सांगत हुता." तात्याबांचा आवाज खाली आला. "आमी ऐकत हुतो. फ्लेक्सबी म्हनूनच काढला न्हाई. काढला आसता तर तुमी इचारलं आसतं."

सुभेदारांनी पाराच्या कठड्याला हात लावला आणि तसेच उभे राहिले. मी सैन्यातली माणसं जवळून पाहिलेली नाहीत, पण एवढा ताठ माणूस इतका लहान होताना कधी पाहिला नव्हता. मुलगी त्यांच्या मागे दोन हात अंतरावर उभी होती. पुढे यायची तिची हिंमत झाली नाही.

शाळेनेही शाल घेतली नाही. हेडमास्तर म्हणाले, असू द्या, पुढच्या वेळी जाईलच ती. सैनिक संघटनेच्या माणसाने चहा दिला आणि शालीचा विषयच काढू दिला नाही. सगळेच समजूतदार होते. तो समजूतदारपणा मला सोसवेना. दर घरातून निघताना शाल पुन्हा शिवांजलीच्या हातात असायची आणि तिच्या पाठीला पोक येत चाललं होतं.

शेवटी राहीबाईंच्या अंगणात गेलो. या बचत गटाच्या. माझ्याच वयाच्या, शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पुढे होऊन म्हणाले, "मी हिची घरमालकीण. विमान गेलं असं सुभेदारांना मीच सांगितलं होतं. चूक झाली."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मोट्या शाळंत शिकलेल्या दिसताय," एवढंच म्हणाल्या. मग शिवांजलीकडे हात केला. "दे हिकडं."

शिवांजलीने शाल पुढे केली. राहीबाईंनी ती झटकून आपल्या खांद्यावर घेतली. "थंडी पडाय लागलीया. मी कशाला सोडू?"

दिवसभरात शाल परत घेणारं हे पहिलंच माणूस. शिवांजलीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"म्हंजे सांगलीत बसूनच केलंस समदं?" राहीबाईंनी विचारलं.

"व्हय."

"जमलं?"

"जमलं."

"मंग त्यात तोंड लपवायजोगं काय न्हाई." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "पन मग दिवाळीला का आली न्हाईस? सांगलीवरनं तर आली आस्तीस. ह्यो एकलाच भाकरी खात बसला हुता. म्या करंज्या दिऊन आले, तर म्हनला, जर्मनीत कुटं करंज्या मिळत आसतील."

सुभेदारांनी चटकन तोंड फिरवलं.  गावाने, शाळेने, मी, कुणीच शिवांजलीला हे विचारलं नव्हतं. ती अंगणात खाली बसली आणि राहीबाईंच्या सुपातल्या शेंगा फोडू लागली, भराभर, मान वर न करता. कुणी तिला उठवलं नाही. सूप रिकामं झालं तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "आता जा. बापाला कायतरी गरम करून घाल."

त्या रात्री तिने पिठलं केलं. वडिलांना वाढताना म्हणाली, "चुकलं, अण्णा." ते म्हणाले, "मीट घे," आणि मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. 

दुसऱ्या दिवशी सुभेदार आणि तात्याबा फाट्यावर जाऊन फ्लेक्स काढून घेऊन आले. चांगला जाड फ्लेक्स, फुकट कसा जाऊ द्यायचा? घरामागच्या परड्यातल्या कडब्याच्या गंजीवर त्यांनी तो घातला, छापलेली बाजू आत करून. कडेने दगड ठेवले.

हे लिहू का, असं मी शिवांजलीला विचारलं तेव्हा ती जिना झाडत होती. म्हणाली, लिहा, पण स्वेटरचंही लिहा. म्हणून लिहिलं.

आता तिच्या कंपनीचे सर्व्हर सिंगापूरलाही बसणार आहेत, आणि तेही तिच्याकडेच आहेत. तिने वडिलांना फोनवर आधीच सांगून टाकलं, "मी जानार न्हाई अण्णा, हितंच हाय. कुनाला सांगू नका." ते म्हणाले, "न्हाई सांगत." दर शनिवारी ती गावी जाते. परवा सकाळी तिने फोन केला तेव्हा ते धापा टाकत होते.

"काय करताय अण्णा?"

"काय न्हाई. वारं सुटलंय. गंजीवरल्या फ्लेक्सवर दगड ठेवतोय."

मी खाली भाजी निवडत होते. ती जिन्यात फोन कानाला लावून तशीच उभी राहिली.