कड्यावर जोडलेले हात

माझे यजमान गेल्यापासून देवीशी माझा अबोला होता. त्यांच्या आजारपणात किती नवस बोलले, पण तिने एकही ऐकला नाही. तेव्हापासून मी देव्हाऱ्यात दिवा लावायचे, पण हात काही जोडायचे नाही. गेल्या हिवाळ्यात लेक मला लोह्याहून माहूरला घेऊन गेली, तर मी हट्टाने देवीच्या गडाच्या पायथ्याशीच बसून राहिले. दर्शन घेऊन आल्यावर ती वैतागून म्हणाली, "देवळात नाही तर नाही, कड्यावर तरी चल."

जवळच्या एका जुन्या गावाबाहेर कड्यात नवशिक्यांसाठी लोखंडी पायऱ्या ठोकल्या आहेत, बाजूने पोलादी दोर. कमरेच्या पट्ट्याच्या दोन कड्या त्या दोरात अडकवत वर जायचे. अंगात लेकीचा ड्रेस, डोक्यावर हेल्मेट. यजमान असते तर पोट धरून हसले असते. गाईड सारखा बजावत होता, "मावशी, एक कडी काढली तरी दुसरी अडकलेलीच पायजे. मंग हात सुटला तरी काय होत न्हाई." होत कसे नाही, असे मी मनात म्हटले.

निम्म्यावर पोचले आणि कपारीत शेंदूर लावलेला देवीचा तांदळा दिसला. कुणी तिथे नेऊन ठेवला कोण जाणे. माझे दोन्ही हात दोर सोडून आपोआप जोडले गेले. पाय सटकला, पट्टा कमरेत रुतला आणि मी चक्क हवेत लोंबकळू लागले.

"आवो मावशी, नमस्कार खाली गेल्यावर करा की!" वरून गाईड ओरडला. माझ्यामागून मुरुडच्या एक अनोळखी बाई चढत होत्या. त्यांनी माझा पाय धरून पायरीवर टेकवला. "भिऊ नका बाई. आई सोडती व्हय?" त्या म्हणाल्या. मला रडूच फुटले. त्या गडबडीत त्यांचे नाव विचारायचे राहिले, पण रोज दिवा लावताना त्यांची आठवण येते.

खाली आल्यावर लेक म्हणाली, "आई, लोंबकळत होतीस तेव्हाही तुझे हात जोडलेलेच होते गं."

मग मीच तिला म्हटले, देवळात चल. ओटी भरली. मागायला काही सुचेना. यजमान परत येणार नव्हते, ते दुःख आजही तसेच आहे. पण मी एवढा अबोला धरूनही देवीने मला सोडले नव्हते. मी एवढेच म्हणाले, "आई, हात मी जोडते, धरून तू ठेव."