परवान्याची भांग

आमच्या तालुक्याच्या गावी भांगेचं सरकारमान्य दुकान होतं. खिडकीला गज, वर परवान्याची पाटी. दारू प्यायची तर मात्र परमिट काढावं लागे. बहरीनला आलो तर सगळं उलटं. आम्हा बाहेरच्यांना इथे बिअर उघड मिळायची, आणि गांजा-चरस सापडला तर थेट तुरुंग. हे मला चांगलं ठाऊक होतं. वैद्याच्या चूर्णातली भांगही त्यातच मोडते, एवढं मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर होतो. इंग्रजी बरं, अरबी कामापुरतं. त्यामुळे व्हिसा, रजा, कस्टम, काहीही असलं की कॅम्पमधली आपली माणसं मलाच विचारायची, आणि मला ते आवडायचं. आडात नसलं तरी मी पोहऱ्यात आणून दाखवायचो. माझ्या खोलीत कोल्हापूरकडचे एक सुतार होते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायचो. दिवसभर रिफा भागातल्या बंगल्यांना दारं बसवून यायचे आणि हातपाय धुतले की आधी माझ्यासाठी मऊ भात टाकायचे. कारण माझं पोट वर्षभर बिघडलेलं होतं. सलमानिया इस्पितळाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, धीर धरा म्हणाले होते. धीर माझ्या स्वभावात नाही. मला गावच्या वैद्याचं भांग घातलेलं चूर्णच हवं होतं.

दादा रजेवर निघाले तेव्हा मी त्यांना ते आणायला सांगितलं. वैद्याला द्यायची भांग सरकारी दुकानातूनच घ्या, पावती चूर्णाच्या डब्यात ठेवा, कुणी विचारलंच तर दाखवा, असंही बजावलं. चालंल न्हवं, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी हसलो. सरकारी पावतीला कोण काय म्हणणार?

परत येताना विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली. दुसरा कुणी असता तर गप्प राहिला असता आणि चूर्ण मसाल्यात खपूनही गेलं असतं. दादांनी आपण होऊन पावती पुढे केली. तिच्यावर काय घेतलं ते इंग्रजीत छापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने दुभाषा म्हणून मलाच पोलीस ठाण्यात पाठवलं. टॅक्सीत मी ठरवलं होतं, खरं सांगून टाकायचं. मग आठवलं, बायकोचा आणि मुलीचा व्हिसा आला आहे, पुढच्या महिन्यात त्या येणार आहेत. ठाण्यात पोचेपर्यंत माझं काहीच ठरलेलं नव्हतं. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने आम्हा दोघांनाही चहा मागवला आणि म्हणाला, याने हे कुणासाठी आणलं ते विचार.

मी टेबलाकडे बघत मराठीत विचारलं.

"माझ्याच पोटासाठी आणली म्हणून सांगा," दादा म्हणाले. "तुमची माणसं यायची हायेत, भाऊ."

मी पहिलं वाक्य इंग्रजीत सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. अधिकाऱ्याने लिहून घेतलं, खाली दुभाष्याच्या जागी माझी सही घेतली आणि खलास म्हणून फाइल मिटली.

दादांनी काही महिने तुरुंगात काढले आणि तिथूनच त्यांना भारतात पाठवून दिलं. त्या काळात मी त्यांना एकदाही भेटायला गेलो नाही. सोबतचे दोघे-तिघे जाऊन आले, मला बोलवत होते. मी ड्यूटीचं निमित्त सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाज आजही वाटते. बायको-मुलगी ठरल्याप्रमाणे आल्या. पोटही पुढे गोळ्यांनीच बरं झालं.

दोन वर्षांनी रजेवर गेलो तेव्हा मन घट्ट करून त्यांच्या गावी गेलो. आखाताचं दार त्यांना कायमचं बंद झालं होतं. गावातच खाटा, चौकटी करत होते. केस पार पांढरे झाले होते. माफी मागायची म्हणून मी वाक्यं जुळवून नेली होती. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला, पदर सावरला आणि हात जोडले.

"भावजी, सायबाम्होरं तुम्ही ह्यांच्या बाजूनं बोललासा, म्हणून लौकर सुटले. हे सारखं सांगत असतात. लई उपकार झाले तुमचे."

दादा शेजारीच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भाऊंना आणखी चहा घाल, एवढंच बायकोला म्हणाले.

मी कप पुढे केला.