बोलतं करण्याचं कंत्राट

"मॅडम, तुम्हीच तिले बोलायले लावलं. आता तुम्हीच चूप करा. दोन सेशन जास्तीचे घ्या, बिल पाठवून द्या."

फोनवर विलासभाऊ होते. शहराबाहेर एमआयडीसीत त्यांचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. जिला चूप करायचं ती वंदना, त्यांची प्रॉडक्शन इन्चार्ज. आणि तिला बोलतं करायला याच विलासभाऊंनी चार महिन्यांपूर्वी मला बोलावलं होतं.

मी कोच आहे. नागपुरात असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मेडिकलचे क्लास घेता का इंजिनीअरिंगचे?" मी क्लास घेत नाही. नोकरीधंद्यातल्या माणसासमोर बसते आणि प्रश्न विचारते. कुठे अडलंय, काय करून पाहिलं, कशाची भीती वाटते. उत्तर त्याचं त्याने शोधायचं. सल्ला द्यायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. माझ्या सख्ख्या भावाला हे सगळं थोतांड वाटतं. पण घरचे सल्ला देतात, बॉस हुकूम देतो आणि मित्र आपलीच रडगाणी गातात. मधे न बोलता ऐकून घेणारं माणूस फुकट मिळत नाही, म्हणून माझं पोट चालतं.

कंपनी पैसे भरत असेल तर पहिली मीटिंग तिघांची असते. पैसे देणारा, ज्याच्यासाठी कोचिंग आहे तो, आणि मी. काय बदललं म्हणजे काम झालं, ते तिघांदेखत ठरतं. त्यानंतर बंद खोलीत जे बोललं जाईल ते बॉसला कळत नाही.

त्या मीटिंगमध्ये विलासभाऊ म्हणाले, "पोरगी हुशार आहे, मॅडम. मशीनचा आवाज ऐकून सांगते काय बिघडलं. पण मीटिंगमधी मुक्यावानी बसते. आमचे प्लांट मॅनेजर दिवाळीले रिटायर होऊन राहिले. बोलायले लागली तर ती खुर्ची हिचीच."

चाळिशीची बाई, त्यांच्या लेखी पोरगी. तेव्हा मी ते कानाआड केलं. एका मोठ्या गिऱ्हाइकाने त्यांना विचारलं होतं, तुमच्याकडे वरच्या पदावर बायका किती? म्हणून ही कोचिंगची घाई, हे मला मागाहून कळलं.

वंदनाला ती खुर्ची हवी होती. नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं होतं, घर तिच्यावर होतं. आणि नुसतं घर नाही. "मॅडम, कारखाना मीच चालवून राहिली," ती पहिल्याच सेशनमध्ये म्हणाली. "नाव तेवढं दुसऱ्याचं."

मी विचारलं, "घरी बोलता?"

"घरी? घरी मी कोणाले बोलू देत नाही."

म्हणजे बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. मग मीटिंगमध्ये काय होतं? दोन सेशन तिने इकडचं तिकडचं सांगितलं. तिसऱ्यात मुद्द्यावर आली. नवीन असताना तिने एकदा भाऊंची चूक दाखवली होती. सगळ्यांदेखत ते हसून म्हणाले होते, "तू मशीन पाह्य वं, डोकं चालवायले मी आहे." त्या दिवसापासून तोंड बंद. इतकी वर्षं ती स्वतःलाच भित्री म्हणत होती. आता तिचं तिलाच दिसलं की ती भित्री नाही, तिने फक्त अपमान टाळला होता. एवढं दिसलं की अर्धं काम होतं. माझ्या धंद्यात खरी किमया असेल तर एवढीच.

मग लहान लहान गोष्टी करून पाहायचं ठरलं. मीटिंगमध्ये एक वाक्य बोलायचं, तेही ज्याची खात्री आहे तेच. एका सोमवारी ती म्हणाली, "नवीन कागद नरम आहे, खालच्या थरातली खोकी दबतील." भाऊंनी कागद परत केला, नुकसान वाचलं. मला फोन आला, "मॅडम, जादू केली तुम्ही!" मीही खूश झाले. का होऊ नये?

मग पुण्याहून एका बिस्किट कंपनीचे परचेसवाले आले. मोठी ऑर्डर. भाऊंनी महिनाभरात सगळा माल द्यायचं कबूल केलं आणि वंदनाकडे हात करून म्हणाले, "या आमच्या लेडी लीडर. काय वंदना, होऊन जाईल ना?"

प्रश्न नुसता दाखवायला होता. वंदनाला तो खरा वाटला.

"नाही होणार, भाऊ," ती म्हणाली. "संत्र्याच्या खोक्यांची ऑर्डर आधीच घेऊन ठेवली आहे. मशीन एकच. अर्धा माल महिन्यात देऊ, बाकीचा पुढच्या महिन्यात."

भाऊ मोठ्याने हसले. "मजाक करून राहिली ती," म्हणाले, आणि शब्द देऊन टाकला. पाहुणे गेल्यावर तिला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्या स्टाफसमोर माफी माग, नाहीतर हुडकेश्वरच्या गोडाऊनला जाऊन बस. प्लांट मॅनेजरचं तर विसरूनच जा.

त्यानंतर मला तो फोन आला. मी समक्ष जाऊन भेटले.

"भाऊ, मीटिंगमध्ये बोलली पाहिजे असं तुम्हीच ठरवलं होतं."

"मीटिंगमधी म्हटलं होतं. गिऱ्हाइकासमोर नाही."

"तीही मीटिंगच होती ना? आणि प्रश्न तुम्हीच विचारलात."

"तुम्ही समजून नाही राहिल्या, मॅडम. बोलायचं म्हणजे आपल्या बाजूनं बोलायचं."

"ती खोटं बोलली का?"

"खऱ्या-खोट्याची गोष्टच नाही आहे ना इथं!"

मला राग आला. आजही आठवलं की येतो. म्हटलं, "जास्तीचे सेशन मी घेणार नाही. माफी मागायला लावणं म्हणजे कोचिंग नाही."

"मग आम्हाले काय फायदा झाला तुमच्या कोचिंगचा?" त्यांनी विचारलं. मनापासून विचारलं, हे जास्त झोंबलं.

संध्याकाळी वंदनाचा फोन आला. "मॅडम, उद्या माफी मागून राहिली मी."

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

"आता प्रश्न नका विचारू ना, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मले काय पाहिजे ते तुमच्या खोलीत बसून सांगता येते. इथं सांगता येत नाही."



तिने माफी मागितली. जागेवर राहिली. पुन्हा मीटिंगमध्ये मान खाली घालून बसू लागली. पुढे कित्येक दिवसांनी ती जरीपटक्याच्या बाजारात दिसली. वांगी निवडता निवडता तिने बाकीचं सांगितलं. पुण्याच्या ऑर्डरचा निम्मा माल महिन्यात गेला, निम्मा राहिला. नेमका ती म्हणाली होती तेवढाच. कंपनीने उरलेली ऑर्डर रद्द केली. सोमवारच्या मीटिंगमध्ये भाऊ सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले, "काहून वं, जमत नव्हतं तर आधी नाही सांगता येत? तोंड नाही दिलं का देवानं तुले?"

त्या दिवशी पाहुण्यांसमोर हजर असलेले सगळे तिथे होते. सुपरवायझर, अकाउंटंट, भाऊंचा भाचा. कोणी वर पाहिलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, चुकलं भाऊ." आणि ती हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मॅनेजरच्या खुर्चीवर आता भाचा बसतो. त्याला काही अडलं की वंदनाला विचारतो.

मी हा धंदा सोडलेला नाही. कोचिंगने माणूस मोकळा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वंदनाही झाली होती. पण ज्याला कोचिंगची खरी गरज असते तो सहसा दुसऱ्याला पाठवतो आणि बिल भरतो. म्हणून आता तिघांच्या मीटिंगमध्ये माझा पहिला प्रश्न पैसे देणाऱ्याला असतो. हे माणूस बोलायला लागलं आणि तुमच्याविरुद्ध बोललं, तर तुम्ही त्याचं काय कराल?

बहुतेक साहेब हसतात. आमच्याकडे असं होतच नाही, म्हणतात. ते काम मी घेत नाही. यंदा फार थोडी कामं मिळाली आहेत.