ही गाठ माझ्या हातची नाही

माणगावच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवून मी निवृत्त झाले आणि नागावच्या आमच्या वाडीत औषधी झाडांचे वर्ग सुरू केले. त्यात पुस्तकातलं काहीच नव्हतं. ते सगळं मला पालीजवळच्या कातकरी वाडीतल्या एका मावशींनी दिलेलं. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी एसटीने जायचं आणि त्यांच्यामागे डोंगरात फिरायचं, अशी कितीतरी वर्षं गेली. झाडाला हात लावण्याआधी मावशी बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवत, वाकून मातीला हात लावत आणि पाला कुणासाठी, कशासाठी हवाय ते झाडाला सांगत. "न सांगता नेलं तर ती चोरी," म्हणत. खोकला, मुरगळ, पोटदुखी, चिघळलेली जखम, एवढंच त्या बघत.

मी त्यात माझी भर घातली. नारळीखाली गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, आपलं दुखणं मातीच्या गोळ्यात मळायचं आणि तो गोळा झाडाच्या आळ्यात ठेवून यायचं. मुंबई-पुण्याहून माणसं येत, रडत, हलकी होऊन जात. मी म्हणत असे, "माती कुणालाच नाकारत नाही. कसलंही दुखणं तिच्याकडे द्या." हे वाक्य मला फार आवडायचं. मावशी एकदाच वर्ग बघायला आल्या. जेवताना म्हणाल्या, "लई बोलता बाई तुम्ही." मी हसण्यावारी नेलं.

पनवेलची एक बँकेतली बाई एकही वर्ग चुकवत नसे. नवरा गेलेला, मुलगी बंगळुरूला नोकरीला. पन्नाशीची असेल. निर्गुंडी, अडुळसा, कुडा नुसत्या वासावर ओळखायची. माझ्यामागे हीच वर्ग चालवेल, असं मी मनात धरून चालले होते.

एकदा वर्ग संपल्यावर ती कप विसळायला मागे राहिली. पाठमोरीच म्हणाली, "बाई, छातीत गाठ लागतेय. दोन महिने झाले."

दुसऱ्याच दिवशी मी तिला मावशींकडे नेलं. आता वाटतं, तिथेच चुकले. पालीला नाही, तिला सरळ दवाखान्यात न्यायला हवं होतं. मावशींनी तिला आत नेऊन तपासलं, बाहेर येऊन हात धुतले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ही गाठ माझ्या हातची न्हाय. हिला मुंबयला मोठ्या दवाखान्यात न्या. आजच न्या."

परतताना गाडीत वडखळच्या पुढे ती म्हणाली, "माझ्या आईचं सगळं मी बघितलंय, बाई. ती सुई, ते केस जाणं. मला नाही जायचं तिकडे. तुम्हीच म्हणता ना, माती कुणाला नाकारत नाही?"

"अहो, ते बोलायला ठीक आहे," एवढं वाक्य पुरेसं होतं. ते मला म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "तरी एकदा दाखवून घ्या." ती हो म्हणाली. पुढच्या वर्गाला आली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "बघू, दिवाळीनंतर." मी पुन्हा विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी एक विधी केला. वीस-बावीस जणांनी तिच्या पाठीवर हात ठेवले. ती ओक्साबोक्शी रडली. मग म्हणाली, "दुखणं गेल्यासारखं वाटतंय." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला होता.

दिवाळीत तिची मुलगी घरी आली, गाठीमुळे सुजलेला आईचा हात बघितला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झालाय. होळीच्या आधीच ती गेली.

मी भेटायला गेले तेव्हा मुलीने मला आत घेतलं, पाणी दिलं. तिचा आवाज चढला नाही.

"मावशींनी दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं होतं, हे आईनेच मला सांगितलं. तुम्ही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"कसं सांगितलं होतं?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. ती उठली आणि दार उघडून उभी राहिली.

मावशींना कळवायला मी पालीला गेले. त्या अंगणात भाजी निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "मी सांगितलं तवा तुम्ही तिथंच उभ्या होता, बाई." निवडणं काही थांबलं नाही. मी थोडा वेळ बसले. चहा झाला नाही. त्यानंतर मी गेलेले नाही, त्यांचाही निरोप नाही.

वर्ग बंद केले. अजून फोन येतात, पुढचा वर्ग कधी म्हणून. तब्येत बरी नसते, असं सांगते. शेजारच्या होमस्टेवाल्याला गाड्या लावायला जागा कमी पडत होती. वर्गासाठी लावलेल्या औषधी झाडांचा जमिनीचा तुकडा मी त्याला देऊन टाकला. जेसीबी आला त्या सकाळी मी घरातच होते. खिडकी लावून घेतली.