बिघडलं तर फोन कोणाला?

१२ मार्च २००६, रविवार. रक्कम अठरा हजार आठशे रुपये: चौदा हजार प्रोग्रामचे आणि चार हजार आठशे पहिल्या वर्षाच्या देखभालीचे. हजर चौघे: मराठी मंडळाचे अध्यक्ष, मंडळाचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या काकू, बँकेतला एक तरुण अधिकारी आणि खजिनदार म्हणून मी. जागा जवाहर नगरातली मंडळाची खोली.

त्या खोलीत चार कपाटं आणि दोन हजार आठशे साठ मराठी पुस्तकं होती. जयपुरात दुसरीकडे ती मिळत नसत. काकू दर पुस्तकाचं एक कार्ड ठेवत आणि पुस्तक कोणी नेलं की कार्डावर नाव लिहीत. आमची माणसं रेल्वेतली, बँकेतली, विम्यातली. बदली आली की सामान ट्रकात चढतं आणि त्यात मंडळाचं एखादं पुस्तकही चढतं. ते चढू नये म्हणून काकू राबत. यजमान गेल्यापासून त्यांनी एवढं एकच काम धरून ठेवलं होतं.

कार्डं जुनी झाली होती. त्यांच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या होत्या आणि मालवीय नगरातल्या एका कंपनीच्या प्रोग्रामचा भाव समोर होता. बँकेतला अधिकारी म्हणाला, "काका, असाच प्रोग्राम इंटरनेटवर फुकट आहे. सगळं खुलं, हवं तर बदलूनही घेता येतं. मी बसवून देतो."

"फुकट ते पौष्टिक," अध्यक्ष म्हणाले.

काकू मूळच्या नागपूरच्या. त्या म्हणाल्या, "ते ठीक आहे हो. पण मी म्हणून राहिली, बिघडलं तर फोन कोणाला लावायचा?"

"मला लावा ना, काकू."

मी तिथेच पाच वर्षांचा हिशेब मांडला. कंपनीच्या रकान्यात अडतीस हजार, दुसऱ्यात शून्य. ठराव एकमताने झाला.

पुढचे चौदा महिने काकू रोज दुपारी दोन तास टाईप करत होत्या. चष्म्यावर आणखी एक भिंग धरून. काम संपल्यावर जागा मोकळी व्हावी म्हणून मी कार्डं रद्दीत घातली. नऊ किलो, चार रुपये दराने छत्तीस रुपये. ते मंडळाच्या खात्यात जमा केले. काकूंनी रिकामे खण पुसून ठेवले.

जून २००७ मध्ये त्या अधिकाऱ्याची गुवाहाटीला बदली झाली. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे आम्ही शाल आणि नारळ दिला. पासवर्ड कोणीच विचारला नाही. मी स्वतः पंचवीस वर्षं बदलीची नोकरी केलेली. हिशेबात ते शून्य लिहिताना तेवढंच सुचलं नाही.

सप्टेंबरात एका दुपारी वीज गेली, आली आणि संगणक काळ्या पडद्यावर पासवर्ड मागत बसला. गुवाहाटीला फोन लावला. "काका, समोर कस्टमर आहेत, संध्याकाळी बोलू." संध्याकाळी पासवर्ड मिळाला, पण आतली माहिती उघडेना. त्याने सांगितलेलं सगळं करून पाहिलं. मग त्या प्रोग्रामच्या साइटवर मी इंग्रजीत विचारलं, ऑफिसला पत्र लिहावं तसं. तीन दिवसांनी कुठल्याशा परक्या माणसाने अगदी सभ्यपणे विचारलं, बॅकअप आहे का? नव्हता. त्याच्यावर चिडण्यासारखं काही नव्हतं, तो कोणाकडून पैसे घेत नव्हता.

सिटी बसने मालवीय नगर गाठलं. कंपनीच्या माणसाने पाणी दिलं आणि म्हणाला, "सर, हमारा सॉफ्टवेयर नहीं है. हाथ लगाऊँगा तो ज़िम्मेदारी मेरी हो जाएगी." त्याचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि मी दमून परत आलो.

शेवटी त्या अधिकाऱ्याला त्याच्या सामानात एक सीडी सापडली. मेअखेरपर्यंतची सगळी माहिती तिच्यात होती. कुरियरने आली. पुस्तकांची यादी परत मिळाली. जूनपासून कोणी काय नेलं ते मात्र गेलं.

काकू मंडळातल्या फोनपाशी बसून घरोघरी विचारत राहिल्या, "आमचं एखादं पुस्तक आहे का हो तुमच्याकडे?" ऐकणाऱ्याला वाटावं, त्याच उसनं मागताहेत. तेवढ्या काळात तीन कुटुंबं बदली होऊन गेली होती. एक्केचाळीस पुस्तकं आली नाहीत.

"कार्डं असती तर," एकदा त्या म्हणाल्या. त्यांनीच मग विषय बदलला. "चहा सांगू का?"

ऑक्टोबरात जवळच्या चौमू गावाहून रोज येणारा एक संगणक दुरुस्तीवाला मिळाला. तोच फुकटचा प्रोग्राम वर्षाच्या कराराने सांभाळायला तो तयार झाला. दर महिन्याला दोन सीडी काढायच्या, एक काकूंच्या घरी. करारात पहिली ओळ मी काकूंच्या प्रश्नाचीच घातली आणि पुढे त्याचे दोन फोन नंबर लिहून घेतले.

दिलेली रक्कम: दुरुस्तीवाल्याला तीन हजार सहाशे, मंडळाच्या चेकने. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला पाचशे कोऱ्या कार्डांचे एकशे नव्वद, माझ्या खिशातून. ती कार्डं काकूंनी त्याच दुपारी खणांत लावली.