आईची पिकअप आणि अमेरिकेचा स्टिअरिंग बॉक्स

आमचा कोथरूडचा बंगला बिल्डरला द्यायचा ठरला तेव्हा आईने एकही अट घातली नाही. त्यामुळे बिल्डर अस्वस्थ झाला. शेजारच्यांनी देवघराच्या दिशेपासून मोरीच्या उतारापर्यंत सगळं लेखी घेतलं होतं. शेवटी त्यानेच विचारलं, "काकू, तुमचं काही?"

"माझी गाडी नव्या पार्किंगमध्ये येणार."

बिल्डरने खिडकीतून पाहिलं. अंगणात एक छोटी पिकअप उभी होती. टपावर बोगनवेल चढली होती. मागच्या हौद्यात पाणी आणि माती साचून अळू उगवलं होतं, आणि त्याचं फदफदं आम्ही दोनदा खाल्लं होतं.

"त्याचं असं आहे काकू, पार्किंगमध्ये फक्त चालती वाहनं. ताबा देण्याच्या दिवशी गाडी स्वतःच्या चाकांवर आत आली तर जागा तिची. नाहीतर मी भंगारवाला बोलावतो. माझ्या खर्चाने." शेवटचं वाक्य तो देणगी जाहीर केल्यासारखं म्हणाला.

"चार लोकांसमोर बोललात, बरं झालं," आई म्हणाली. चार लोक म्हणजे मी, बिल्डर, त्याचा वकील आणि ती.

आई मसाले करायची. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी. दुकानांना माल पोचवायला तिने ही पिकअप घेतली आणि ती स्वतः चालवायची. वडील होते तेव्हा बंगला त्यांच्या नावावर होता, फोन त्यांच्या नावावर, गॅसही. पिकअप तेवढी तिच्या एकटीच्या नावावर होती. हे ती कधी बोलून दाखवत नसे. वडीलच पाहुण्यांना सांगत, जरा हसून. पाहुणेही जरा हसत.

मग देश खुला झाला. पूर्वी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, पण सुटे भाग कोपऱ्यावर मिळत. आता गाडी घेणाऱ्याला शोरूममध्ये हार घालून पुठ्ठ्याच्या हातभर किल्लीसकट फोटो काढून देऊ लागले. आमच्या जपानी पिकअपची इथे जुळणी करणारी कंपनी मात्र बंद पडली. दुकानांत चकचकीत पाकिटांतले मसाले आले. त्यांच्यावर एक हसरी सासू छापलेली असे. दुकानदार आईला अदबीने 'शेल्फ लाइफ' विचारू लागले. तिने गाडी अंगणात लावली ती लावलीच.

बंगला पाडायला घेतला त्या आठवड्यात आम्ही पिकअप टोचन लावून विश्रांतवाडीला एका गॅरेजात नेली आणि स्वतः भाड्याच्या घरात गेलो. गॅरेजवाले कमी बोलणारे गृहस्थ होते. गंज खरवडला की खाली आणखी गंज निघे. पत्रा बदलला नसता तर आईचे पाय रस्त्याला लागले असते. इंजिन मात्र थोडक्या खटपटीत सुरू झालं. खरी अडचण स्टिअरिंगची होती. चाक अर्धा वळसा फिरवलं तरी पुढच्या चाकांना पत्ता नसे. स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे हाताचं वळणं चाकांपर्यंत पोचवणारी लोखंडी पेटी, आतून झिजून गेला होता.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत असे, त्यामुळे बाजारात सगळं मिळतं असा माझा समज होता. काही रविवार जुन्या बाजारात घालवले. मग भवानी पेठेतल्या एका दुकानात गेलो. गाडीचं नाव ऐकून दुकानदाराने आतून आपल्या म्हाताऱ्या वडिलांना बोलावलं. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"मालक आहेत का अजून?"

"आहेत."

"मग त्यांनाच विचारा," असं म्हणून ते परत आत गेले.

माझा थोरला भाऊ अमेरिकेत होता. दर हिवाळ्यात यायच्या आधी तो फोनवर विचारी, "काय आणू?" यावर आमच्याकडे उत्तर ठरलेलं असे: काही नको, तू ये म्हणजे झालं. मग तो बदाम आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या आणी. मग आपण म्हणायचं, कशाला आणलंस. इमारत पुरी होत आली त्या वर्षी त्याने विचारलं आणि आई म्हणाली, "स्टिअरिंग बॉक्स."

भाऊ हरखून गेला. आईने त्याच्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. त्याने वाळवंटातलं एक भंगाराचं आवार शोधून काढलं. तिथे काही गंजत नाही म्हणे. हेच जपानी मॉडेल तिथे उभं होतं. मग ईमेल सुरू झाल्या. फोटो आले, मापं आली, दाते मोजले गेले. भावाचे सहकारी आणि हिंजवडीतले आमचे दोन भाचे, सगळे इंजिनियर, यांनी एकेक आकडा पडताळला. बॉक्स वहिनीच्या थंडीच्या जाकिटात गुंडाळून आला. कस्टमच्या माणसाने "हे कोणासाठी?" विचारलं. भाऊ म्हणाला, "आईसाठी." त्यानंतर त्याने बॅग पाहिली नाही, भावाकडेही पाहिलं नाही.

बॉक्स जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र घालून मांडला. शेजारचे बघायला आले. "लोखंडच वेगळं हो त्यांचं," एक आजोबा म्हणाले. कोणीतरी हळदीकुंकू वाहिलं.

गॅरेजवाल्यांनी तो चॅसीला लावून पाहिला. उलटा करून पाहिला. कुंकू पुसून पुन्हा पाहिला.

"हा डावीकडचा आहे."

"म्हणजे?" भावाने विचारलं.

"तिकडे स्टिअरिंग कुठल्या अंगाला असतं?"

भाऊ तिकडे रोज गाडीने ऑफिसला जात असे. त्याने दोन्ही हात पुढे धरले, मनातल्या मनात गाडीत बसला आणि खिडकी कुठल्या बाजूला येते ते बघितलं. मग हात खाली घेतले.

ताबा पुढच्या आठवड्यात होता. भाऊ ऑस्ट्रेलियातून मागवू म्हणाला. आईने गॅरेजवाल्यांना विचारलं, "आत काय असतं?"

"बेअरिंग, बुश, छर्रे."

"त्यांना डावं-उजवं असतं?"

"नाही."

"मग उघडा."

"अगं, अखंड बॉक्स आहे, ओरिजिनल," भाऊ म्हणाला.

"बरणी कोण खातं? उघडा हो."

काही भाग जुळले, काही नाही. जुळले ते जुन्या पेटीत गेले. अर्ध्या वळशाचा पाव वळसा झाला. गॅरेजवाले चक्कर मारून आले. "सरळ जाईल. वळायचं मात्र आधीपासून ठरवायला लागेल."

आई म्हणाली, चालेल, मी तशीच चालवत आले आहे.

ताब्याच्या दिवशी विश्रांतवाडीहून ती निघाली. शेजारी भाऊ बसला, हौद्यात मी. पौड फाट्याचं वळण तिने नळस्टॉपपासूनच घ्यायला सुरुवात केली. इमारतीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव दिलं होतं. फाटकाशी मांडव, रांगोळी आणि बँड. बँडवाल्यांना पहिली गाडी आत येताच वाजवायला सांगितलं होतं. त्यांनी वाजवलं. प्रमुख पाहुणे अजून यायचे होते. पिकअप रांगोळीवरून गेली आणि उताराने खाली पार्किंगमध्ये उतरली.

हातात पुष्पगुच्छ घेऊन बिल्डर मागे धावत आला. त्याने काचेतून आत पाहिलं, भावाकडे पाहिलं.

"काकू, ड्रायव्हर कुठंय?"

"ही काय, उतरते आहे. दार बाहेरून ओढा. आतली कडी मिळाली नाही कुठे."

त्याने पुष्पगुच्छ काखेत धरला आणि दोन हातांनी दार ओढलं. वर पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. आई उतरली. पदर नीट केला. मागे जाऊन तिने चाक आणि पांढरी रेघ यांच्यामधलं अंतर पाहिलं.

"वीतभर बाहेर राहिली," ती म्हणाली. "परत घेऊ का?"

"नको, नको," बिल्डर म्हणाला. "राहू द्या, काकू. तुमचीच जागा आहे."